विश्वासवीरांची डळमळ

नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या पत्राच्या अकराव्या अध्यायात हाबेलापासून संदेष्ट्यांपर्यंतच्या पूर्वजांची एक लांबलचक नामावळी येते आणि त्यांपैकी बहुतेकांविषयी, त्यांनी जे केले ते विश्वासाने केले, असे पुनःपुन्हा सांगितले जाते. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये या नावांना ‘विश्वासवीर’ म्हणण्याची रीत आहे आणि बालकांच्या शब्बाथशाळेपासून प्रौढांच्या बायबल-अभ्यासापर्यंत त्यांची चरित्रे अनुकरणीय म्हणून शिकवली जातात. तथापि जुना करार, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती या दोन्ही धर्मांनी पवित्र मानलेला मूळ हिब्रू ग्रंथसंग्रह, उघडून हीच नावे तेथे वाचली, तर वाचकाला थबकावे लागते. यादीतील शमशोन स्त्रीमोहापायी आपले सामर्थ्य गमावून बसतो, इफ्ताह अविचाराने केलेल्या नवसापायी स्वतःच्या मुलीचा बळी देतो, राहाब ही यरीहो नगरातील वेश्या आहे आणि दावीद राजाच्या हातांना एका निष्ठावंत सैनिकाचे रक्त लागलेले आहे. पत्राच्या कर्त्याला या कथा ठाऊक नव्हत्या असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या श्रोत्यांनाही त्या मुखोद्गत होत्या. त्यामुळे निष्कलंक आचरण किंवा अढळ खात्री हा या यादीचा निकष नाही, हे मान्य करूनच या माणसांकडे वळावे लागते.

यादीत सर्वांत अधिक जागा अब्राहामाला मिळालेली आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात तो पंचाहत्तर वर्षांचा असताना हारान सोडून निघतो. त्याला देश मिळेल आणि त्याच्यापासून मोठे राष्ट्र होईल, असे वचन देवाने दिलेले असते. वचनातला पुत्र इसहाक जन्मतो तेव्हा अब्राहाम शंभर वर्षांचा असतो. वचन आणि त्याच्या पूर्तीचा पहिला अंकुर यांच्यामध्ये पंचवीस वर्षे जातात, आणि ही पंचवीस वर्षे बायबलने शांत प्रतीक्षेची म्हणून रंगवलेली नाहीत. दुष्काळात मिसर देशी गेल्यावर जिवाच्या भीतीने तो आपली पत्नी सारा ही बहीण असल्याचे सांगतो आणि ती राजवाड्यात नेली जाऊ देतो. पुढे गरार येथे तो हेच पुन्हा करतो. मूल होत नाही म्हणून साराच्याच सूचनेवरून तो तिची मिसरी दासी हागार हिच्यापासून पुत्र मिळवतो. नव्याण्णवाव्या वर्षी देव पुन्हा वचन देतो तेव्हा तो पालथा पडतो आणि मनात हसतो. पुढच्याच अध्यायात तंबूच्या दाराआड सारासुद्धा हसते आणि विचारल्यावर ते नाकारते.

याच अब्राहामाचा आणखी एक पैलू धार्मिक उपदेशांत बहुधा दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे देवाशी वाद घालण्याचा. सदोम नगराचा नाश होणार हे कळताच तो देवासमोर उभा राहतो आणि दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश करणे सर्व पृथ्वीच्या न्यायाधीशाला शोभेल काय, असा प्रश्न करतो. पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस सापडले तर, असे करत तो दहापर्यंत उतरतो, आणि देव प्रत्येक वेळी त्याचे म्हणणे ऐकून घेतो. हा सगळा खटाटोप तो परक्या नगरासाठी करतो, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, तिला बायबलमधील पहिल्याच मोठ्या विश्वासणाऱ्याच्या चरित्रात आधार सापडत नाही.

मग बाविसावा अध्याय येतो आणि त्याच अब्राहामाला आपल्या पुत्राचे होमार्पण करण्याची आज्ञा होते. सदोमासाठी वाद घालणारा हा मनुष्य येथे विरोधाचा एक शब्दही काढत नाही. जर्मन समीक्षक एरिक आवरबाख यांनी युद्धकाळात इस्तंबूलमध्ये लिहिलेल्या व 1946 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथात या कथेची तुलना होमरच्या महाकाव्याशी करताना दाखवले आहे की, होमर सर्व काही उजेडात मांडतो, तर बायबलचा निवेदक तीन दिवसांच्या प्रवासातील एकही विचार सांगत नाही आणि वाचकाला त्या मौनाच्या खोलीत उतरावे लागते. डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्ड यांनी 1843 साली याच प्रवासावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि अब्राहामाचा विश्वास समजला असे सहज म्हणणाऱ्यांना तो समजलेलाच नाही, अशी भूमिका मांडली. शेवटी पुत्र वाचतो आणि झुडपात अडकलेल्या एडक्याचा बळी दिला जातो. यहुदी परंपरा या प्रसंगाला इसहाकाचे बंधन म्हणते, इस्लाममध्ये ईद-उल-अज़हाच्या मुळाशी इब्राहीमच्या अर्पणाची कथा आहे, आणि ख्रिस्ती परंपरेने तिच्यात क्रुसाची पूर्वछाया पाहिली. तरीही ही कथा सोपी करून सांगू नये, कारण तिच्यातील भय काढून टाकले की उरते ते केवळ आज्ञाधारकपणाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण, आणि अब्राहाम हा तेवढाच नाही.

त्याच्या चरित्राचा सर्वांत बोलका भाग त्यानंतर येतो. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन मरण पावते आणि तिला पुरण्यासाठी अब्राहामाला जागा नसते. ज्या देशाचे वचन मिळाले, त्याच देशात तो स्वतःला परका व उपरा म्हणवून घेत एफ्रोन हित्तीकडून मकपेला येथील शेत व गुहा चारशे शेकेल चांदी तोलून देऊन विकत घेतो. शेकेल हे त्या काळातील चांदी तोलण्याचे वजन होते. वचनदत्त देशात त्याने मोल देऊन मिळवलेली ही कबरीची जागा म्हणजेच त्या वचनाची त्याच्या हातात पडलेली जमीन. ‘इब्री लोकांस पत्र’ हेच सूत्र पकडते आणि ही सर्व माणसे वचनाचे फळ न मिळताच, ते दुरून पाहून मरण पावली असे सांगते. विश्वासाने मागितलेले मिळतेच, असे आश्वासन देणाऱ्या आजच्या अनेक प्रवचनांना या अध्यायातील हे वाक्य अडचणीचे ठरावे.

हागारेचा उल्लेख येथे टाळणे अन्यायाचे होईल. ती यादीत नाही. ती परदेशी आहे, दासी आहे आणि साराच्या जाचाला कंटाळून गर्भार अवस्थेत रानात पळून गेलेली आहे. त्या रानातील झऱ्यापाशी देवाचा दूत तिला भेटतो आणि ती देवाला, आपल्याला पाहणारा देव, अशा अर्थाचे नाव देते. देवाला स्वतःहून नाव देण्याचे धाडस बायबलमध्ये या दासीच्या वाट्याला आले आहे. पुढे तिला मुलासह कायमचे घराबाहेर काढले जाते, तेव्हा त्या निर्णयाने अब्राहामाला अतिशय वाईट वाटते हे ग्रंथ नोंदवतो; परंतु सकाळी उठून भाकर आणि पाण्याचा बुधला देऊन तिला वाटेला लावणारा अब्राहामच असतो. विश्वासवीराचे चरित्र वाचताना त्याच्या विश्वासाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली, हाही प्रश्न बायबल वाचकाच्या हाती ठेवते.

यादीत नसलेल्याच दुसऱ्या एका परदेशी स्त्रीचे, रूथचे पुस्तक पूर्णपणे वेगळ्या प्रकृतीचे आहे. अवघ्या चार अध्यायांच्या या कथेत दर्शन नाही, चमत्कार नाही, आकाशवाणी नाही. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेल्या नामीचा पती आणि दोन्ही मुलगे तेथे मरतात. परत निघालेली नामी आपल्या दोन्ही विधवा सुनांना माहेरी जाण्यास सांगते. अर्पा रडून निरोप घेते, रूथ मात्र सासूला सोडत नाही. रूथने काय पणाला लावले ते समजण्यासाठी जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील नियम ध्यानात घ्यावा लागतो, ज्यानुसार मवाबी मनुष्याला परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत प्रवेश नव्हता. म्हणजे ती जेथे निघाली होती, तेथे तिचे स्वागत होण्याची शक्यता नियमानेच बंद केलेली होती.

बेथलेहेमात पोहोचल्यावर नामी गावातील बायकांना सांगते की, सर्वसमर्थाने आपले जीवन कडू केले आहे, भरलेली गेले आणि रिकामी परत आले. तिची ही तक्रार कोणी खोडून काढत नाही. रूथ सरवा वेचायला जाते. कापणीच्या वेळी शेताचे कोपरे आणि गळालेली कणसे गरीब, परके, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडावीत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. शेताचा मालक बवाज हा नामीच्या सासरच्या कुळातला निघतो आणि पुढे तो रूथचा ‘सोडवणारा’ होतो. कुळातील मृताची जमीन सोडवून घेण्याचे व त्याचे नाव टिकवण्याचे दायित्व ज्या जवळच्या नातलगावर असे, त्याला ही संज्ञा होती. नगराच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर व्यवहार होतो, विवाह होतो, आणि ज्या मवाबी स्त्रीला मंडळीत प्रवेश नव्हता, ती दावीद राजाची पणजी ठरते. मत्तयकृत शुभवर्तमान येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून देते. या कथेत विश्वास हा शब्दांत फारसा प्रकट होत नाही. तो सासूच्या सोबतीत, उन्हात वेचलेल्या जवात आणि सरवा थोडा जास्त सोडण्याच्या बवाजाच्या सूचनेत दिसतो. धर्मग्रंथाने दैनंदिन माणुसकीला एवढे मोठे स्थान द्यावे, ही या पुस्तकाची थोरवी आहे.

ईयोबाचे पुस्तक विश्वास आणि दुःख यांच्या नात्याच्या प्रश्नाला थेट हात घालते. ऊस देशातील हा सात्त्विक धनवान फुकटच देवाचे भय धरतो काय, असा प्रश्न देवाच्या सभेत सैतान उपस्थित करतो. सैतान म्हणजे या पुस्तकापुरता त्या सभेतील आरोपकर्ता. एका दिवसात ईयोबाची गुरेढोरे, चाकर आणि दहा मुले जातात, नंतर शरीर फोडांनी भरते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येऊन सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात, आणि त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. तोंड उघडल्यावर मात्र ते एकच सिद्धांत वेगवेगळ्या रीतींनी मांडतात: देव न्यायी आहे, दुःख हे पापाचे फळ आहे, त्याअर्थी ईयोबाने पाप केलेले असलेच पाहिजे. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासातील उणीव शोधणारे लोक आजही भेटतात, आणि त्यांची वाक्येही फारशी बदललेली नाहीत.

ईयोबाचा संयम म्हणीसारखा प्रसिद्ध आहे, परंतु तो संयम मुख्यतः पहिल्या दोन अध्यायांतला आहे. तिसऱ्या अध्यायापासून तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवावर अन्यायाचा आरोप करतो आणि त्याला न्यायासनासमोर बोलावू पाहतो. अखेरीस देव वावटळीतून बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राची दारे, रानगाढव, शहामृग आणि गरुड यांच्याविषयी तो प्रश्नामागून प्रश्न विचारतो. स्वर्गातील त्या सभेत काय झाले होते, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. बेचाळिसाव्या अध्यायात मात्र देव मित्रांवर रागावतो आणि त्यांनी आपल्याविषयी ईयोबाप्रमाणे यथार्थ भाषण केले नाही असा निवाडा देतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाविरुद्ध ओरडणारा बरोबर ठरला, हा निवाडा बायबलच्या विश्वासविचाराच्या अगदी गाभ्याशी आहे. मित्र देवाविषयी बोलत राहिले. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता देवाकडे वळून त्याच्याशीच बोलू लागतो. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कोणतेही सांत्वन न घेता अंधारातच संपते. प्रार्थनेच्या पुस्तकात त्याला जागा मिळाली, ती याच दृष्टीमुळे.

एलीया संदेष्ट्याच्या चरित्रात खचलेल्या विश्वासणाऱ्याशी देव कसा वागतो ते दिसते. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहून विजयी होतो, आणि त्यानंतर लगेच ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो. बैर-शेब्यापुढील रानात एका झुडपाखाली बसून तो मरण मागतो. त्याला कोणी बोल लावत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, आणि दुसऱ्यांदा उठवूनही त्याला आधी खायलाच दिले जाते, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नसते. उपदेशापूर्वी अन्न आणि झोप, हा क्रम निराशेने ग्रासलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा असा आहे. होरेब पर्वतावर वादळ, भूकंप आणि अग्नी यांत देव नसतो. त्यानंतर मंद वाणी येते. आपण एकटेच उरलो असा त्याचा समज असतो. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, असे त्याला सांगितले जाते आणि नव्या कामाला धाडले जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या एलीयाला एक स्वतंत्र घर आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांमध्ये एकेकाळी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हे मराठीभाषक यहुदी त्याला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून स्मरतात, अलिबागजवळील खंडाळे येथे त्याचा रथ उतरला होता असे मानतात, आणि नवस किंवा मंगलप्रसंगी पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात. एकटेपणाची तक्रार करणारा संदेष्टा सभोवार सगळा परधर्मीय समाज असलेल्या एका लहानशा समूहाला इतका जवळचा वाटावा, यात नवल नाही. बायबलमधील व्यक्तींचे मराठीकरण साहित्यातही झाले: फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली राचोल येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा ओवीबद्ध झाल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल समाजाने बायबलमधील पुरुषांवर मराठी कीर्तने रचून गायली, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ भाषांतून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले.

दावीदाविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरे की, बथशेबेचा अभिलाष आणि तिचा पती उरीया याला रणात मुद्दाम मारवणे हे कृत्य त्याच्या स्वतःच्या राष्ट्राच्या पवित्र ग्रंथाने लपवले नाही. नाथान संदेष्टा गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून राजाकडूनच निवाडा काढून घेतो आणि तो निवाडा त्याच्यावरच उलटवतो. राजा नाथानाला ठार मारवू शकला असता. तो अपराध कबूल करतो. परंतु पश्चात्तापाने परिणाम पुसले जात नाहीत, आणि त्याच्या घरातील पुढचा सारा रक्तपात ग्रंथ तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

नव्या करारात हीच दृष्टी येशूच्या तोंडी येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो ज्यांच्या विश्वासाचे मोठा म्हणून कौतुक करतो, अशी दोन माणसे आहेत आणि दोघेही विदेशी आहेत. एक कफर्णहूम येथील शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आणि दुसरी सोर व सीदोन या प्रांतातील कनानी स्त्री. आपल्या आजारी मुलीसाठी ओरडणाऱ्या या स्त्रीला येशू आधी उत्तर देत नाही, मग आपण इस्राएलासाठीच पाठवले गेलो आहोत असे म्हणतो, मग मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे ठीक नाही असे कठोर बोलतो. ती तेच वाक्य उचलून मेजावरून पडलेल्या तुकड्यांचा हक्क मागते. अब्राहामाने सदोमासाठी केलेल्या वादाचा वारसा येथे एका आईने चालवला आहे. याच ग्रंथात शिष्यांना मात्र वारंवार अल्पविश्वासी म्हटले आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील एका बापाने तर आपल्या मुलाला बरे करण्याची विनवणी करताना, विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, तेव्हा त्या अविश्वासावर उपाय करावा, असे एका दमात सांगून टाकले, आणि तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला.

शिष्यांमधील पेत्राच्या चरित्रात हे सर्व धागे एकत्र येतात. येशूला पकडले त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशाच्या शेकोटीपाशी, तो तीन वेळा ओळख नाकारतो. त्याच रात्री गुरूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही पुढे पस्तावतो, चांदीची तीस नाणी परत टाकतो आणि गळफास घेतो. दोघांच्या अपराधांची तुलना करण्यापेक्षा पेत्र रडून का होईना, पण उरलेल्या शिष्यांमध्ये परत आला हा फरक पाहणे अधिक उपयुक्त आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्या समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून शिष्यांना मासे व भाकर खायला देतो, आणि नंतर पेत्राला प्रेमाविषयी तीन वेळा प्रश्न करून तिन्ही वेळा मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवतो. नकाराविषयी स्पष्टीकरण मागितले जात नाही.

तरीही पेत्राचे डळमळणे तेथे संपले नाही. प्रेषित पौलाच्या ‘गलतीकरांस पत्रा’त नोंद आहे की, अंत्युखिया येथे पेत्र विदेशी ख्रिस्ती बांधवांसोबत जेवत असे, परंतु यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आल्यावर सुंतावाद्यांच्या, म्हणजे विदेशी विश्वासणाऱ्यांनाही सुंता व यहुदी नियम लागू करू पाहणाऱ्यांच्या भीतीने तो त्या पंक्तीतून दूर झाला आणि पौलाने सर्वांसमोर तोंडावर त्याला दोष दिला. मंडळीचा आधारस्तंभ गणल्या गेलेल्या प्रेषिताची ही नाचक्की ज्या पत्रात आहे, ते पत्र ख्रिस्ती मंडळ्यांनी बाजूला ठेवले नाही. त्याच्या प्रती केल्या, ते उपासनेत वाचले, आणि पुढे पेत्राच्या नावाने असलेल्या दोन पत्रांबरोबरच नव्या करारात समाविष्ट केले.